पत्रिका जुळत नाही, ५.७.१

परत आलेली ईमेल कुणीही वाचत नाही. लोक ती बघतात, दचकतात आणि कुणाला तरी फॉरवर्ड करतात. 'मेलर-डीमन' अशा नावाच्या इसमाकडून आलेलं ते इंग्रजी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेला गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. घरातल्या ज्येष्ठांचा पहिला समज असा, की हा व्हायरस आहे. दुसरा समज असा, की मेल पोचली आणि ही तिची पोचपावती आहे. कारण तीत तारीख आहे, वेळ आहे, आपलाच पत्ता दोनदा आहे. भाचा किंवा पुतण्या 'कंप्युटरमध्ये' असेल तर त्याला फोन जातो.

"अरे, ५५० म्हणून काहीतरी आलंय."

"पुढे काय लिहिलंय मामा?"

"पुढे इंग्रजी आहे."

या पुढच्या इंग्रजीवरून मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. आलेली मेल नाकारायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण नाकारताना कारण किती सांगायचं? एक पक्ष म्हणतो, सगळं सांगा, लपवण्यासारखं काय आहे. दुसरा म्हणतो, अवाक्षर काढू नका, दारात कोण उभा आहे तुम्हाला काय माहीत. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

दारात उभं राहणं ही नुसती बोलण्याची पद्धत नव्हे. दोन सर्व्हर खरोखरच आधी एकमेकांशी बोलतात आणि मग मेल हातात देतात. या बोलण्याची रीत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात घालून दिली, आणि डागडुजी होत होत ती आजही चालू आहे. येणारा सर्व्हर 'हेलो' म्हणतो. आज्ञेला चारच अक्षरं ठेवायची म्हणून एक 'एल' कमी, पण भावना तीच. आतला '२५०' म्हणतो. सेंडमेल हा त्यातला जुना मुरलेला सर्व्हर तर 'आपल्याला भेटून आनंद झाला' असंही जोडतो. मग पाहुणा सांगतो, मेल अमुककडून आहे, तमुकसाठी आहे. तमुक असेल तर पुन्हा २५०, नसेल तर ५५०. पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे काम झालं. ४ म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळानं या. ५ म्हणजे नाही, आणि पुन्हा विचारूही नका. आकडा यंत्रासाठी असतो आणि आकड्यापुढचं वाक्य माणसासाठी. यंत्रानं त्या वाक्यावर अवलंबून राहू नये असं नियमच सांगतो. माणूस ते वाचत नाही हे वर आलंच आहे. थोडक्यात, ज्या वाक्यावरून एवढा वाद पेटला आहे, त्याला वाचकच नाही. मराठी साहित्यिकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पोस्टेल यांच्या काळी सगळा कारभार विश्वासाचा होता. पलीकडचा सर्व्हर म्हणजे कुठलं तरी विद्यापीठ नाहीतर प्रयोगशाळा. त्यांच्यापासून काय लपवायचं? म्हणून 'व्हेरिफाय' अशी एक आज्ञाच ठेवली होती. नाव द्यायचं आणि विचारायचं, असा कुणी आहे का तुमच्याकडे? आरएफसी ८२१ मध्ये याची उदाहरणं दिली आहेत. 'स्मिथ' विचारलं की सर्व्हर पूर्ण नाव आणि पत्ता काढून देतो. 'जोन्स' विचारलं की असं काही जुळत नाही म्हणतो. आणि 'गोर्झेन्कीइनप्लाट्झ' विचारलं की उत्तर येतं ५५३, नाव संदिग्ध आहे. म्हणजे त्या आडनावाचे एकाहून अधिक लोक तिथे आहेत! तांत्रिक नियमावलीत असला विनोद पेरणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. नंतरच्या नियमावलीनं आणखी एक सोय दिली : नाव संदिग्ध निघालं तर सर्व्हर कोणकोण असू शकतात त्यांची यादीही वाचून दाखवू शकतो. हे पुण्यातल्या एखाद्या सर्व्हरवर करून बघा. 'जोशी' विचारलंत तर संध्याकाळपर्यंत यादी संपायची नाही, आणि शेवटी 'यांतले कुठले?' हा प्रश्न शिल्लक राहील.

'एक्स्पांड' नावाची दुसरी आज्ञा होती. एखाद्या सामायिक यादीचं नाव दिलं की तिच्यातल्या सगळ्या सभासदांचे पत्ते सर्व्हर म्हणून दाखवी. शिवाय ५५१ हे उत्तर : ते आता इथे नसतात, नवा पत्ता हा घ्या. विचारणारा कोण, कशासाठी विचारतोय, याची चौकशी शून्य.

मग स्पॅमवाले आले. आयती पत्त्यांची वही दारात टांगलेली त्यांनी पाहिली आणि जे व्हायचं ते झालं. अ‍ॅडमिन मंडळींनी धडाधड दारं लावून घेतली. सेंडमेलमध्ये तर गोपनीयतेच्या पर्यायांत एका पर्यायाचं नावच 'गो-अवे' आहे. तो लावला की असल्या सगळ्या चौकश्या बंद. एरवी सॉफ्टवेअरमधल्या पर्यायांची नावं वाचून काही कळत नाही. हे मात्र एका वाक्यात मनःस्थिती सांगून जातं. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलनं आणखी मऊ वाट काढली. त्याला विचारलं, अमुक आहेत का? तो म्हणतो, २५२, मेल तर पाठवा, मी माझ्या परीनं बघतो. नियमात बसतं, खोटं काही नाही, आणि माहितीही काही नाही.

दारं लावूनही फट उरलीच. 'अमुक आहेत का' हे विचारता येत नसेल, तरी 'अमुकसाठी मेल आणली आहे' असं तर म्हणता येतं! मग स्पॅमवाल्याचं यंत्र रात्रभर दारात उभं राहून म्हणत बसतं : अमितसाठी मेल आहे. अनिलसाठी आहे. अनितासाठी आहे. जिथे ५५० येईल ते नाव खोडायचं, जिथे २५० येईल ते लिहून घ्यायचं. पहाटेपर्यंत अख्ख्या कंपनीची हजेरी घेऊन होते. 'गप्प बसा' पक्षाचं बळ इथून येतं. त्यांचं म्हणणं असं, की 'असा कुणी इथे नाही' हेसुद्धा सांगू नका.

ठीक. नाही सांगितलं. मग काय होतं बघा.

काही सर्व्हरांनी ठरवलं की दारात नाही म्हणायचंच नाही. येईल ती मेल घ्यायची आणि नंतर आत जाऊन माणूस सापडला नाही तर परत पाठवायची. क्यूमेल मुळात असंच करी. त्याचं परतीचं पत्र मात्र फार सुसंस्कृत असे. मी अमुक ठिकाणचा क्यूमेल-सेंड प्रोग्रॅम, आपलं पत्र पोचवू शकलो नाही, ही कायमची अडचण आहे, मी प्रयत्न सोडून दिला आहे, जमलं नाही याबद्दल वाईट वाटतं, अशा आशयाचं. वाचून उलट त्याचंच सांत्वन करावंसं वाटे. पण स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो खोटा, म्हणजे दुसऱ्याचा. त्यामुळे ते सुसंस्कृत पत्र जायचं भलत्याच सज्जनाकडे. बिचारा सकाळी इनबॉक्स उघडतो तर न पाठवलेल्या मेलबद्दल शेकडो दिलगिऱ्या! या प्रकाराला पुढे एवढं उधाण आलं, की दिलगिऱ्या वाटणारे सर्व्हरच काळ्या यादीत जाऊ लागले.

दुसऱ्या काहींनी याहून वाईट मार्ग धरला. मेल घ्यायची, २५० म्हणायचं आणि गुपचूप नाहीशी करायची. पाठवणाऱ्याला वाटतं पोचली. घेणाऱ्याला वाटतं त्यानं पाठवलीच नाही. दोघांची मैत्री तुटते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं आलबेल असतं. एकदा मेल स्वीकारली की ती पोचवायची, नाहीतर तसं कळवायचं, असा नियम आहे. हल्लीच्या नियमावलीत गुपचूप टाकून देण्याला अगदी अपवादापुरती, नाक मुरडत मुभा आहे. ही मुभा दार सताड उघडल्यासारखी वापरणाऱ्यांना काय म्हणावं ते मला संपादक छापू देणार नाहीत.

खरं तर नकाराच्या शास्त्रात आपला समाज इतका पुढे गेलेला आहे, की या मंडळींनी आपल्याकडे शिकवणी लावायला हरकत नव्हती. स्थळ नाकारणं बघा. मुलाकडच्यांना कळवायचं असतं की नाही. खरी कारणं घरात सगळ्यांना ठाऊक असतात : मुलाचा पगार त्याच्या आईनं सांगितला तेवढा नाही, आणि मुलाची आई फारच सांगते. पण निरोप एकच जातो, 'पत्रिका जुळत नाही.' काय वाक्य आहे! नकार स्पष्ट, कारण दिल्याचं समाधान, आणि समोरच्याला वाद घालायला जागा नाही. मेलच्या जगात याचा हुबेहूब प्रतिनिधी म्हणजे ५.७.१. आकड्यांत थोडा तपशील यावा म्हणून आरएफसी ३४६३ नं २००३ मध्ये तीन ठिपकेदार अंकांची पद्धत पक्की केली. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, आणि ५.७.१ म्हणजे आमच्या धोरणात बसत नाही. कुठल्या धोरणात? ते धोरणात बसत नाही म्हणून सांगता येत नाही. 'मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही' हे सरळ सरळ ४५० : सहा महिन्यांनी पुन्हा विचारून बघा. आणि 'बरं, कळवतो' म्हणून जे कधीच कळवत नाहीत, ते २५० म्हणून मेल गिळणारे. लग्नाच्या बाजारात सगळ्यात जास्त शिव्या कुणाला बसतात हे आठवलं तर अशा सर्व्हरांवर माझा राग का आहे ते लक्षात येईल.

केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेल्या एक्झिम या सर्व्हरला ही गोष्ट नेमकी कळली आहे. त्यात नकाराच्या नियमाला दोन वेगळी वाक्यं जोडता येतात. 'मेसेज' पाहुण्याला ऐकवायचं, 'लॉग-मेसेज' घरातल्या वहीत लिहून ठेवायचं. म्हणजे पत्रिका बाहेर आणि पगार आत! फक्त अ‍ॅडमिननं काहीच लिहिलं नाही तर एक्झिम आपल्या मनानं 'प्रशासकीय मनाई' असं दोन शब्दांत ठोकून मोकळा होतो. ही मनाई कुणी केली, कशासाठी केली, विचारायचं नाही.

पण इथेच स्थळ आणि मेल यांच्या वाटा फुटतात. 'मुलाची उंची कमी आहे' असं स्पष्ट सांगून मुलाच्या बापाला करता येण्यासारखं काही नसतं. मेलवाल्याला असतं. त्याच्या डोमेनची एसपीएफ नोंद, म्हणजे त्या नावानं मेल कुठून येऊ शकते याची यादी, चुकली असेल, फाइल मोठी असेल, त्याचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला असेल, पत्त्यात चौधरीच्या इंग्रजी स्पेलिंगच्या अनेक तऱ्हांपैकी भलतीच तऱ्हा पडली असेल. यांतलं प्रत्येक दुरुस्त होतं, पण कळलं तर. म्हणून पत्ता चुकला की 'टायपिंगची चूक किंवा जादा स्पेस आहे का ते बघा' असं सुचवणारं जीमेलचं उत्तर मला आवडतं. उलट मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असा माणूसच नसला, तरी पुष्कळदा '५.४.१, पत्ता नाकारला, प्रवेश नाही' असं येतं. पाठवणाऱ्याला वाटतं आपल्याला ब्लॉक केलं. तो रागावून फोन करतो, 'मी काय घोडं मारलं तुमचं?' आणि पलीकडचा म्हणतो, 'अहो, माझ्या नावात दोन ए आहेत.'

पोस्टफिक्स या सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेत या सगळ्या वादाचा अर्क एका नोंदीत सापडतो. विएट्से वेनेमा हे त्याचे कर्ते. सुरक्षेच्या बाबतीत काटेकोर माणूस. 'असा कुणी नाही' म्हणताना नाव कुठल्या तक्त्यात शोधलं तेही सांगायचं का, यासाठी त्यात एक सेटिंग आहे. पुस्तिका म्हणते, या तपशिलामुळे बिघाड शोधणं सोपं जातं, पण ज्या माहितीशी बाहेरच्यांचा काही संबंध नाही ती बाहेर जाते. दोन्ही बाजू मान्य! मग मुळात ही सेटिंग कशी ठेवलेली असते? 'होय', सांगायचं. वेनेमांसारख्या माणसानं तराजू इकडे झुकवला असेल तर आपण लहान माणसांनी फार ताणू नये. यादी काढणाऱ्या यंत्रासाठी त्याच पोस्टफिक्समध्ये वेगळं औषध आहे. एकाच बैठकीत दहा चुका झाल्या की प्रत्येक उत्तराआधी तो एक सेकंद थांबतो, वीस झाल्या की फोन ठेवून देतो. बोलणं बंद नाही करायचं. बोलायला वेळ लावायचा.

'सांगू नका' पक्षाचा शेवटचा किल्ला म्हणजे स्पॅम फिल्टर. मेल का अडकली हे सांगितलं तर स्पॅमवाला तेवढं बदलून पुन्हा येईल, असं ते म्हणतात. काही अंशी खरं आहे. पण सगळ्यांच्या परिचयाचा फिल्टर घ्या, स्पॅमअसॅसिन. फुकट मिळतो, नियम उघडे आहेत, पाच गुण झाले की स्पॅम हेही जाहीर आहे. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत लिहिलीत तर त्यासाठी वेगळा नियम आहे. स्पॅमवाल्याला तुमच्या उत्तराची गरजच नाही. तो फिल्टर घरी बसवून सराव करून येतो. सराव न करता येणारा एकच प्राणी, साधा माणूस. याच फिल्टरमध्ये 'नको असलेली भाषा' अशा अर्थाचा एक नियम आहे. परदेशातल्या अ‍ॅडमिननं पूरक प्लगइन लावून 'इंग्रजीच चालेल' असं लिहून ठेवलं, की सांगलीहून मावशीनं पाठवलेल्या देवनागरी मजकुराला, तो केवळ देवनागरी मराठी आहे म्हणून, गुण मिळू लागतात. मावशीला शाळेत मराठीत एवढे गुण कधी मिळाले नसतील. हे कारण परतीच्या पत्रात आलं तर भाचा दोन मिनिटांत सेटिंग बदलून घेईल. नाही आलं तर मावशी म्हणणार, तिकडे गेला आणि बदलला.

देवनागरीचं निघालंच आहे तर पत्त्यांचंही सांगून टाकतो. २०१४ पासून '.भारत' ही डोमेन देवनागरीत मिळते, आणि देवनागरी पत्त्यावर मेल कशी न्यायची याचे नियम २०१२ मध्येच झालेले आहेत. तरी अशा पत्त्यावरून मेल पाठवली की जुने सर्व्हर गोंधळतात. यासाठी खास आकडा आहे, ५.६.७ : इंग्रजीबाहेरची अक्षरं असलेला पत्ता इथे चालत नाही. हा आकडा देणारा सर्व्हर निदान प्रामाणिक आहे. इतर नुसतंच 'पत्ता अशुद्ध' म्हणतात. आपल्या नावाला अशुद्ध म्हणवून घ्यायची सवय आपल्याला आहे, पण ती शुद्धलेखनाच्या निमित्तानं, यंत्राकडून नको.

कारण सांगितल्यानं कधी कधी सांगणाऱ्याचीच चूक उघडी पडते, आणि ते तर फारच उपयोगाचं. स्पॅमहाउसच्या काळ्या याद्या हजारो सर्व्हर वापरतात. पण एखाद्यानं ती यादी सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या 'रिझॉल्व्हर'मार्फत विचारली, तर स्पॅमहाउस उत्तरादाखल एक वेगळाच आकडा देतं : तुमची विचारण्याची पद्धत चुकली आहे. घाईत बसवलेला सर्व्हर त्यालाच 'यादीत नाव आहे' असं समजतो आणि येणारी एकूण एक मेल परत लावतो. नकाराच्या वाक्यात 'त्रुटी : ओपन रिझॉल्व्हर' एवढं छापलेलं असलं, तर पाठवणाऱ्याला कळतं की दोष आपला नाही, त्यांचा आहे. मग तो तसं त्यांना कळवायला जातो. ईमेलनं. ती परत येते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे असं नियम सांगतो. 'तक्रार असल्यास पोस्टमास्टरशी संपर्क साधा' असं परतीच्या पत्रात वाचून मी एकदा एका संस्थेच्या पोस्टमास्टरला आदरपूर्वक लिहिलं. उत्तर तत्काळ आलं. ५५०, असा कुणी इथे नाही.

तर अ‍ॅडमिन मंडळींना माझं एवढंच सांगणं. आत कुठला तक्ता आहे, कुठली आवृत्ती चालू आहे, जोशी किती आहेत, हे खुशाल वहीत ठेवा. पण जे पाठवणाऱ्याला दुरुस्त करता येईल ते त्याला दारातच, मेल हातात घेण्याआधी, साध्या वाक्यात सांगा. आणि त्याखाली एक फोन नंबर टाका. तो उचला मात्र.

आणि वाचकहो, मेल परत आली तर घाबरून पुसू नका, भाच्याला फॉरवर्डही करू नका. त्या इंग्रजीत ठिपके घातलेले तीन अंक शोधा. ४ नं सुरू होत असेल तर काही करायचं नाही. सर्व्हर आपला आपण पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. ५.१.१ असेल तर पत्त्याचं स्पेलिंग एकेक अक्षर तपासा. ५.२.२ असेल तर त्यांची पेटी भरली आहे, त्यांना सांगा की लग्नाचे व्हिडिओ काढून टाका. ५.७ नं सुरू झालं तर सरळ फोन करा.

मात्र तो पुतण्याला नको, ज्याला मेल पाठवली त्याला करा.